इच्छामरण म्हणायचं की दयामरण?

आपण हे दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरतो, पण एकात पेशंटची स्वतःची इच्छा आहे आणि दुसऱ्यात बाकीच्यांची दया, आणि आपल्याकडचा कायदा ज्या केसमधून आला तिथे नेमकी हीच पंचाईत होती की इच्छा विचारायची कोणाला.

अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएममधली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला, मेंदूला रक्त पोचलं नाही आणि पुढची जवळपास ४२ वर्षं ती तिथेच, स्वतःचं काही सांगता न येणाऱ्या अवस्थेत पडून राहिली. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं नर्सेसनी केलं, ज्यांनी तिला कधी चालताबोलताना पाहिलंच नव्हतं त्यांनीसुद्धा. मधे पालिकेने तिला हलवायचं काढलं तर याच भांडल्या.

तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणींनी कोर्टात मागणी केली की तिला भरवणं थांबवा, आता यातून सोडवा. ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली, म्हणाले तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा, आणि स्टाफला ती हवी होती. नर्सेसनी केक कापला, पेढे वाटले. बाहेरच्या बऱ्याच लोकांना हे विचित्र वाटलं, मला नाही वाटलं.

पण गंमत बघा, त्याच निकालात हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवायला, म्हणजे पॅसिव्ह युथनेशियाला, वाट मिळाली, जी अरुणाला लागू झाली नाही. ती १८ मे २०१५ ला न्युमोनियाने गेली.

तसा विषय जुना. सावरकरांनी १९६६ मध्ये आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं, त्याला आपण आत्मार्पण, प्रायोपवेशन म्हटलं. माजी खासदार मिनू मसानींनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. आणि "आता घरी घेऊन जा" हे डॉक्टरचं वाक्य, त्यावर नातेवाईकांनी स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्जची सही करणं, हे तर कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालूच आहे, फक्त त्याला कोणी नाव दिलं नव्हतं.

२०१८ मध्ये कोर्टाने लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जाणार तिथे! २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. पेशंट अगदी शेवटच्या अवस्थेत असेल तर डॉक्टरांची दोन बोर्डं बघतात, मग घरच्यांच्या संमतीने व्हेंटिलेटर काढता येतो. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आजही गुन्हाच.