अँफोऱ्याच्या पोटातली राळ

‘किनाऱ्यावर रोमन दारूचे माठ सापडले’ अशा बातमीत या माठांचा, म्हणजे अँफोऱ्यांचा (माल नेण्याची दोन कानांची मातीची भांडी), फोटो असतो तो नेहमी कान असलेल्या तुकड्याचा. खरी ओळख पटते ती खापराच्या आतल्या बाजूवरून.

बिनझिलईचा माठ पाझरतो, म्हणून तर पाणी गार राहतं. वाइनला मात्र हेच बाधतं. ती झिरपून जाते आणि आत शिरलेल्या हवेवर जगणारे जिवाणू उरलेल्या वाइनचं व्हिनेगर करतात. ‘माती श्वास घेते म्हणून वाइन अस्सल’ अशी जाहिरात आज चालते. रोमन लोक तर भांड्याला आतून राळ फासून ती छिद्रं बुजवत होते.

पहिल्या शतकातला शेतीलेखक कोलुमेला याची कृती सांगतो. रांजण आधी उन्हात वाळवायचा, मग तीन दगडांवर पालथा घालून खाली जाळ करायचा. बुडाला हात टेकवेनासा झाला की आडवा करून उकळती राळ ओतायची आणि रांजण लोळवत ती सगळीकडे फिरवायची. भांडं गार असेल तर राळ छिद्रांत न शिरता वरच्यावर थिजते आणि नंतर तिचे पापुद्रे निघतात.

ही राळ पाइनचं लाकूड भट्टीत तापवून काढत. तापलेल्या लाकडातून मिथेनॉल निघतं, ते राळेतल्या आम्लांशी जोडलं जातं आणि मिथाइल डीहायड्रोअ‍ॅबिएटेट हे संयुग तयार होतं. झाडाला चीर देऊन काढलेल्या राळेत ते जवळजवळ नसतं. त्यामुळे दोन हजार वर्षांनी खापराच्या चिमूटभर भुकटीतूनही भट्टीचा पुरावा मिळतो.

तेलाच्या अँफोऱ्यांना हा थर सहसा नसे, कारण राळ तेलात विरघळते. तेल मातीत मुरून खवट होई, भांडं पुन्हा भरण्याजोगं राहत नसे. स्पेनहून येणारा तेलाचा गोल अँफोरा रिकामाच सुमारे ३० किलोचा. रोममध्ये अशी भांडी फोडून, वास मारायला चुना टाकून रचली गेली. त्यांचीच सुमारे ३५ मीटर उंच टेकडी म्हणजे मोन्ते टेस्टाचो.

भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली अनेक मेसोपोटेमियाची निघाली. घारापुरीलाही अशी आहेत. त्या लांबट भांड्यांना कान नसतात आणि आत पाइनची राळ नसून खनिज डांबर असतं. नेपल्सच्या परिसरातून आलेल्या वाइनच्या अँफोऱ्याची माती भिंगाखाली धरली, तर तिच्यात ज्वालामुखीच्या ऑजाइट या खनिजाचे चमकदार काळे कण दिसतात.