झाड जवळ आणतं कोण? टेलिफोटो लेन्स नव्हे

नवशिक्यांसाठीच्या छापील लेन्स-मार्गदर्शिकांत एक जोडचित्र बऱ्याचदा असतं: एकच चेहरा, आधी २४ मिमीच्या (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सने टिपलेला, मग २०० मिमीच्या टेलिफोटोने, म्हणजे दूरचं मोठं दाखवणाऱ्या लेन्सने. पहिल्यात नाक फुगलेलं आणि मागचं झाड चिमुकलं. दुसऱ्यात तेच झाड जणू खांद्याला टेकलेलं. खाली लिहिलेलं असतं की टेलिफोटो लेन्स अंतर दाबते. हे खरं नाही. चेहरा दोन्हीकडे सारखाच मोठा यावा म्हणून छायाचित्रकार बराच मागे गेलेला असतो, आणि नेमकं तेच छापायचं राहून जातं.

हिशेब करून पाहा. माणूस २ मीटरवर, त्याच्यामागे १० मीटरवर झाड. म्हणजे झाड तुमच्यापासून १२ मीटर, माणसाच्या सहापट दूर. आता १८ मीटर मागे सरका. माणूस २०, झाड ३०, फक्त दीडपट! म्हणूनच माणसाच्या तुलनेत झाड मोठं आणि जवळ भासतं.

खात्रीसाठी एकाच जागेवरून ५० आणि २०० मिमीने फोटो घ्या. पहिल्यातला मधला पाव रुंदीचा तुकडा कापून मोठा करा. बारकावे थोडे हरवतील, पण माणूस आणि झाड यांचं प्रमाण तंतोतंत जुळेल. महागडी लेन्स घेण्याआधी प्रत्येक नवशिक्याने हा प्रयोग करावाच, असं मला मनापासून वाटतं.