राष्ट्रीय आतिथ्यगृह (ऑलिम्पिक हाउस)

ऑलिम्पिकसारख्या मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत एखादा देश यजमान शहरात दोन-तीन आठवड्यांपुरती एखादी इमारत, क्लब, हॉल नाहीतर तंबू भाड्याने घेतो आणि तिथे आपलं घर मांडतो, त्याला राष्ट्रीय आतिथ्यगृह म्हणतात. मराठीत हा शब्द फारसा रुळलेला नाही, बोलताना सगळे नुसतं ‘हाउस’च म्हणतात, हॉलंड हाउस, स्विस हाउस, इंडिया हाउस असं, इटली आणि ब्राझीलवाले ‘कासा’ म्हणतात, फ्रान्सचं ‘क्लब फ्रान्स’ आणि जर्मनीचं ‘डॉइचेस हाउस’. घर मांडण्याचं काम बहुतेक वेळा त्या देशाची ऑलिम्पिक समिती आणि तिचे प्रायोजक मिळून करतात. हे स्टेडियमचा भाग नसतं, खेळाडू राहतात त्या ऑलिम्पिक व्हिलेजचाही नसतं, आणि यजमान शहर मोठे पडदे लावून जे फॅन झोन करतं तेही वेगळं. हा फरक आधीच सांगितलेला बरा कारण बातम्यांमध्ये या सगळ्याची हमखास सरमिसळ होते.

प्रेक्षक तिथे जाऊन काय करतो ते वेगळं सांगायला नको. पडद्यावर मॅच बघतो, त्या देशाचं खातो-पितो, बॅजपिनांची अदलाबदल करतो आणि नशीब असेल तर संध्याकाळी पदक गळ्यात घालून आलेला खेळाडू हातभर अंतरावरून बघतो. आपल्याकडे गणपतीत एका रात्रीत पाच-सहा मंडळं पालथी घालतात तसं एका दिवसात चार-पाच देशांची घरं फिरणारे लोकही असतात, आणि स्पर्धेची तिकिटं न मिळालेल्यांसाठी तर ऑलिम्पिक म्हणजे बऱ्याचदा हेच.

पहिलं हाउस कोणाचं, यावर एकमत नाही. इटलीची ऑलिम्पिक समिती ‘कासा इटालिया’ची सुरुवात १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून धरते. दुसरीकडे बहुतेक लेखनात १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधलं हायनेकन हॉलंड हाउस हे पहिलं म्हणून सांगितलं जातं. दोन्ही दावे एकाच गोष्टीबद्दल आहेत असं समजलं तर भांडण उभं राहतं, पण तसं समजायची गरज दिसत नाही. इटलीचं घर मुख्यतः पदाधिकारी, पत्रकार, प्रायोजक, खेळाडू आणि त्यांच्या घरचे यांच्यासाठी होतं, म्हणजे भेटीगाठींची जागा. डचांनी मात्र सामान्य प्रेक्षकाला आत घेऊन त्याच्यासमोर खेळाडूचा सत्कार करायचा हीच मुख्य गोष्ट केली. ‘देशाचं घर’ एवढाच अर्थ घेतला तर १९८४ मान्य करावं लागतं, पण प्रेक्षकाने भेट द्यायची प्रथा कुठून आली असं विचारलं तर १९९२ कडेच बोट दाखवावं लागेल, आणि या नोंदीचा विषय ती प्रथा असल्यामुळे इथे तेच वर्ष जास्त जवळचं मानलं आहे. अर्थात त्याआधीही खेळाडूंचे नातेवाईक आणि पाठीराखे एखाद्या हॉटेलात नाहीतर वकिलातीत जमत असणारच, त्यामुळे ‘पहिलं’ हा शब्द दोन्ही बाबतीत जरा सांभाळूनच वापरायचा.

डच उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. हॉलंड हाउस हा डच ऑलिम्पिक समिती आणि हायनेकन बिअर कंपनी यांचा एकत्र उपक्रम म्हणून ओळखला जातो आणि तिथे समितीचं नाव एनओसी-एनएसएफ असं दिलेलं असतं, पण ऑलिम्पिक समिती आणि क्रीडा महासंघ या दोन संस्था एक झाल्या १९९३ मध्ये, म्हणजे बार्सिलोनानंतर. तेव्हा १९९२ च्या घराला ते नाव लावणं काटेकोरपणे बरोबर नाही. नंतर मात्र हे घर बहुतेक ऑलिम्पिकला होत गेलं, २०१२ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, २०१६ ला रिओमध्ये लागोआ तळ्याकाठच्या एका क्लबात, आणि पॅरिस २०२४ ला त्याचं नाव ‘टीम एनएल हाउस’ झालं, एनएल म्हणजे नेदरलँड्स.

काहीजण ही परंपरा आणखी मागे, जागतिक प्रदर्शनांतल्या देशोदेशीच्या दालनांपर्यंत नेतात. १९०० चं पॅरिस ऑलिम्पिक हे तिथल्या जागतिक प्रदर्शनाचाच एक भाग होतं आणि त्याच प्रदर्शनात सीनच्या काठाने ‘र्यू दे नासियाँ’, म्हणजे राष्ट्रांचा रस्ता, होता जिथे एकेका देशाची इमारत ओळीने उभी होती. १९०४ ला सेंट लुइसलाही तेच, ऑलिम्पिक आणि प्रदर्शन एकाच गावात आणि तिथल्या भारतीय दालनाची घडण आग्र्याच्या इतमाद-उद-दौलाच्या कबरीवरून घेतलेली. साम्य आहे हे खरं. पण मधली कित्येक दशकं ऑलिम्पिकला अशी दालनं लागली नाहीत, त्यामुळे सरळ वंशावळ जोडण्यापेक्षा तीच गरज पुन्हा वेगळ्या कारणाने उभी राहिली असं म्हणणं जास्त पटतं.

ते कारण जाहिरातीचं आहे. ऑलिम्पिक चार्टर म्हणजे ऑलिम्पिकची नियमावली, तिच्या नियम ५० प्रमाणे स्टेडियम आणि इतर स्पर्धास्थळांवर जाहिरात करता येत नाही, म्हणून तर क्रिकेटला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना ऑलिम्पिकचं मैदान एकदम रिकामं वाटतं, सीमारेषेवर एकही बोर्ड नाही. लॉस एंजेलिसचे खेळ फायद्यात गेले, त्यानंतर १९८५ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ‘टॉप’ नावाची जागतिक प्रायोजकांची योजना सुरू केली, तिच्यात प्रत्येक धंद्यात एकाच कंपनीला जगभरचे हक्क मिळतात. मग एखाद्या देशाच्या समितीला पैसे देणारी त्या देशातली बँक किंवा दूध कंपनी आपलं नाव दाखवणार कुठे, पाहुण्यांना बसवणार कुठे? मैदानाबाहेरच्या भाड्याच्या घरात. तारखा बघितल्या तर १९८४, १९८५, १९९२ हे एका ओळीत बसतात आणि हा योगायोग वाटत नाही. यात पाठीराख्यांचं प्रेम खोटं ठरत नाही, पण घराचं भाडं कुठून येतं ते कळल्याशिवाय काही घरं फुकट, काही तिकिटाची आणि काही नुसती निमंत्रितांची का असतात तेही कळत नाही.

प्रवेशाची पद्धत म्हणजे प्रेक्षकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि ती देशागणिक बदलते. स्वित्झर्लंडचं हाउस सगळ्यांना मोकळं असतं कारण ते देशाची ओळख करून द्यायचं सरकारी काम म्हणून चालवतात. रिओला लागोआच्या काठावर त्यांनी बर्फाचं रिंक केलेलं आणि त्यासाठी रांगा लागायच्या. डच घराला तिकीट लागतं. अमेरिकेचं आणि इटलीचं बराच काळ ओळखीपाळखीच्या आणि बोलावलेल्या माणसांपुरतंच राहिलं आहे. रांग, बॅगेची तपासणी, आधी ऑनलाइन नाव नोंदवणं हे सगळीकडेच आलं, आणि त्या देशाला पदक मिळालं की संध्याकाळी रांग दुप्पट.

जागा निवडताना देशांची स्वतःची हौस दिसते. लंडनला जर्मनी डॉकलँड्सच्या संग्रहालयात, फ्रान्स ओल्ड बिलिंग्जगेट या जुन्या मासळीबाजारात, ब्राझील सॉमरसेट हाउसमध्ये, बेल्जियम इनर टेंपल या वकिलांच्या जुन्या वास्तूत आणि जमैका ‘ओटू’ या कार्यक्रमांच्या मोठ्या वास्तूत. रिओत ब्रिटिशांनी पार्क लाज ही बाग घेतली, फ्रान्स घोडेस्वारीच्या क्लबात आणि अमेरिका इपानेमातल्या एका शाळेत. हिवाळी स्पर्धांत व्हँकुव्हर २०१० हे वेगळं उदाहरण आहे, तिथे देशांबरोबर कॅनडाच्या प्रांतांनीही आपापली घरं थाटली, क्वेबेक, ओंटारिओ, अल्बर्टा, सस्कॅचवान, शिवाय आदिवासी समाजांचं स्वतंत्र दालन; पुढच्या खेळांचा यजमान म्हणून रशियाने सायन्स वर्ल्ड या विज्ञान केंद्राची गोल इमारत घेतली. आणि कॅनडाच्या टांकसाळीच्या दालनात खरं पदक हातात धरायला मिळायचं म्हणून लोक तासन्‌तास उभे राहायचे.

पॅरिस २०२४ मध्ये पहिल्यांदाच इतकी घरं एकाच बागेत आली. ला व्हिलेत हे ५५ हेक्टरचं उद्यान शहराच्या ईशान्य कोपऱ्यात आहे, मधून उर्क कालवा जातो, एका टोकाला मेट्रो ५ चं पोर्त द पाँतँ आणि दुसऱ्या टोकाला मेट्रो ७ चं पोर्त द ला व्हिलेत. या बागेला खेळांपुरतं ‘पार्क दे नासियाँ’ म्हणायला लागले. क्लब फ्रान्स ग्रांद आल नावाच्या लोखंडी हॉलमध्ये होता, जो १८६७ चा आणि मुळात कत्तलखान्याला जोडलेला गुरांचा बाजार होता, कत्तलखाना १९७४ ला बंद झाला. पाच युरो देऊन आत जायचं. त्याच बागेत डच, झेक, ब्राझील, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया, मंगोलिया, युक्रेन आणि भारत. पूर्वी एका घरातून दुसऱ्या घरी जायला अर्धं शहर ओलांडायला लागायचं ते इथे पायी पायी जमलं आणि प्रेक्षकासाठी हा फार मोठा बदल होता, असं ठामपणे म्हणता येतं. सगळे मात्र इथे आले नाहीत. इटली ब्वा द बुलोन्यच्या प्रे कातलाँमध्ये, जर्मनी जाँ-ब्वँ स्टेडियममध्ये, अमेरिका जुन्या शेअर बाजाराच्या पॅले ब्राँन्यारमध्ये आणि आफ्रिकेचं एकत्र ‘स्टेशन आफ्रिक’ इल-सँ-दनीला.

ला व्हिलेतमध्येच तैवानचंही दालन होतं आणि तो प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. १९८१ च्या लोझान करारापासून तैवानचे खेळाडू ‘चायनीज तैपेई’ या नावाने आणि वेगळ्या झेंड्याखाली खेळतात, मैदानात तैवान हा शब्द येत नाही. पण हे दालन त्यांच्या संस्कृती मंत्रालयाने मांडलेलं, ऑलिम्पिक समितीने नाही, त्यामुळे दारावर ‘तैवान’ लिहिता आलं. म्हणजे जे नाव स्टेडियममध्ये घेता येत नाही ते बाहेरच्या घरात घेता येतं. हाउस स्पर्धास्थळाच्या हद्दीबाहेर असण्याचा असाही एक अर्थ निघतो आणि प्रायोजकांच्या चर्चेत तो झाकला जातो.

भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं इंडिया हाउस हेच, पॅरिसचं. भारतीय ऑलिम्पिक संघटना आणि रिलायन्स यांच्यात २०२२ ला करार झाला त्यात ते ठरलेलं होतं आणि २७ जुलै २०२४ ला ते उघडलं. योग, हस्तकला, हिंदी सिनेमाची गाणी-नाच, भारतीय जेवण असं सगळं. पण याचं खरं महत्त्व खेळाडूच्या बाजूने बघितलं की कळतं. नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिसला नव्हत्याच, शातरूला होत्या, अडीचशेहून जास्त किलोमीटर लांब. तिथे १ ऑगस्टला कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, आणि पॅरिसमध्ये असलेल्या भारतीय माणसाने तो आनंद कुठे जाऊन करायचा तर इंडिया हाउसला. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं तेव्हा असं घर कुठे होतं, त्यांचा सोहळा झाला तो गावी परतल्यावर, कराडकडे बैलगाड्यांच्या मिरवणुकीत. पदक आणि गाव यांच्यातलं ते हजारो मैलांचं अंतर त्याच संध्याकाळी भरून काढायची सोय म्हणून या घराकडे बघितलं तर ते जास्त नीट कळतं.

सगळं सुरळीतच होतं असं नाही. लंडनला केन्सिंग्टन गार्डन्समध्ये आफ्रिका खंडाने पहिल्यांदाच एकत्र ‘आफ्रिका व्हिलेज’ उभं केलं, गर्दीही चांगली होती, पण देणी थकल्यामुळे खेळ संपायच्या आतच ते बंद पडलं. प्याँगचांग २०१८ ला गांगनुंगमधल्या डच घरात सत्काराच्या वेळी स्टेजवरून खाली दिलेलं अवजड मोठं पदक लागून दोन कोरियन महिला जखमी झाल्या आणि डच संघाने माफी मागितली. टोकियोला (२०२१ मध्ये झालेलं) परदेशी प्रेक्षकच नव्हते, त्यामुळे बहुतेक देशांनी घरं रद्द केली.

राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत ही प्रथा ऑलिम्पिकइतकी ठळक नाही. पॅरालिम्पिकच्या वेळी तर बरीच घरं आवरलेली असतात. इंडिया हाउस ११ ऑगस्टपर्यंतच होतं. पॅरिस पॅरालिम्पिक २८ ऑगस्टला सुरू झालं, त्यात भारताने २९ पदकं घेतली, ऑलिम्पिकमध्ये सहा होती, आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य, १६.३२ मीटर, ४ सप्टेंबरचं आहे, म्हणजे इंडिया हाउस आवरल्यानंतरचं.