जव्हार-मोखाड्याच्या ‘वाडी’मागचा इतिहास

कोकणात वाडी म्हटली की नारळी-पोफळीची बाग डोळ्यांपुढे येते, घाटावर वस्ती. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या पालघर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात मात्र गेल्या काही दशकांत या शब्दाला तिसरा अर्थ चिकटला आहे. एक एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, तिच्यात आंबा-काजूची कलमे, कलमांमधल्या मोकळ्या जागेत नागली (नाचणी), वरई, उडीद किंवा भाजीपाला, आणि बांधावर चारही बाजूंनी बांबू, साग, शिवण, गिरीपुष्प. ही झाली वाडी. दिसायला साधी आहे. पण ती उभी राहायला शंभर वर्षे का लागली, हे समजून घ्यायचे तर राबापासून सुरुवात करावी लागते.

नागली आणि भात पेरण्याआधी रोपे तयार करायच्या जागेवर शेण, झाडांचे टहाळ, पातेरा, गवत आणि वर माती असे थर देऊन ते जाळायचे, म्हणजे राब भाजायचा. त्याने तण मरते, राख खत होते, रोप जोमदार येते. टहाळ मिळायचे ते ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्यांतून. झाड मारायचे नाही, फक्त फांद्या घ्यायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा फुटवा येतो. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि हा टहाळ घेणेच गुन्हा ठरू लागले. ठाणे जिल्ह्यात इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढच्या वादात राब हा मोठा मुद्दा होता. साहेबाला राबात जंगलाची नासाडी दिसत होती, शेतकऱ्याला वर्षाचे धान्य. पुढे याच जंगलांतून इमारती लाकूड आणि कोळसा ठेकेदारांच्या हाती गेला, आणि तो तोडायला मजूर म्हणून गेला तोच वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी. ज्याला फांदी तोडल्याबद्दल दंड होत होता, त्याच्याच हातून अख्खे झाड पाडून घेतले गेले. मला या इतिहासातली सर्वांत मोठी जखम हीच वाटते, कारण झाड आपले आहे ही भावना तिथे तुटली.

जमिनीचीही तीच गत. सावकाराची खावटी, म्हणजे पोटासाठी घेतलेले उसने धान्य, तिच्या फेडीसाठी वेठ, लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभराची गुलामी, म्हणजे लग्नगडी. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध. वेठ गेली, कूळकायदा आला, काहींच्या नावावर जमीन झाली. पण ती बहुतांशी उताराची, पातळ मातीची. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बेसॉल्टच्या कातळावरून वाहून जातो. मुंबईला पाणी देणारी वैतरणा या डोंगरांतून जाते. धरणे भरतात, आणि मार्च उजाडला की त्याच डोंगरातल्या पाड्यावरची बाई हंडा घेऊन झऱ्याकाठी रांगेत बसते.

म्हणून नागली झोडून झाली की दिवाळीनंतर माणसे ‘जगायला’ जातात. हा तिकडचाच शब्द आहे, आणि तो जसा आहे तसाच ऐकावा. वीटभट्टीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन भिवंडी-वसईकडे, द्राक्षबागांत नाशिककडे, रेतीवर, बांधकामावर. घरी म्हातारी माणसे उरतात. लहान मुले सोबत जातात, शाळा सुटते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला या भागाचे नाव कळले. त्या बातम्यांत औषधोपचारांवर पुष्कळ चर्चा झाली. पावसाळ्यानंतर घरात धान्य का उरत नाही यावर त्या मानाने कमी.

झाडे लावायचे प्रयत्न तोवर झाले नव्हते असे नाही. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाचा आग्रह धरला, १९८२ मध्ये महाराष्ट्रात त्याचे स्वतंत्र खाते सुरू झाले. रस्त्याकडेला, गायरानात, पडिकावर रोपे लागली. पण गायरानातले झाड कोणाचे? ते जगले तर कोणाच्या ताटात काय येणार? याला उत्तर नसले की रोपाला पाणी कोण घालणार हेही ठरत नाही.

उत्तर शोधणारा माणूस गुजरातीभाषक होता आणि त्याचे गाव झाले पुण्याजवळचे उरुळी कांचन. मणिभाई देसाई सुरत जिल्ह्यातले. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि या तरुणाला तिथे ठेवले. मणिभाईंनी तिथेच आयुष्य घालवायचे ठरवले, आणि ते पाळलेही. आधी गाई, मग शेती, मग १९६७ मध्ये भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे बायफ. संकरित गाईंच्या कामाने संस्थेचे नाव झाले. पण गाय पोसायला चारा आणि पाणी हवे, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्या दारात ती बांधता येत नाही. १९८२ मध्ये, ज्या वर्षी मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, बायफने दक्षिण गुजरातेत वांसद्याला आदिवासी कुटुंबांबरोबर वाडीचे काम सुरू केले. वांसदा म्हणजे सुरगाण्याच्या पलीकडचाच मुलूख. तेच डोंगर, तीच कोकणा-वारली माणसे, तोच पाऊस.

वांसद्यात जे उमगले ते मला फार महत्त्वाचे वाटते: आंब्याला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, आणि गरीब घराची खरी परीक्षा त्याच वर्षांत असते. दहा मीटरवर आंबा लावला तर एकरात चाळीसच झाडे बसतात. त्यांच्या मधली जमीन मोकळी ठेवणे परवडत नाही, म्हणून नागली-वरई तशीच पिकत राहते. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डे काढायचे ते उन्हाळ्यात, म्हणजे नेमके कुटुंब भट्टीवर असते त्या महिन्यांत. स्वतःच्याच शेतातल्या या कामासाठी पहिली काही वर्षे थोडी मदत मिळाली, तेव्हाच माणसे घरी थांबू शकली. उताराला समतल बांध घातले, की माती थांबते. कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे माठाने पाणी घालावे लागते, आणि ते वाहतात बायका. म्हणून झरा बांधून काढणे, छोटी विहीर, पाण्याचे कुंड ही कामे वाडीइतकीच गरजेची ठरली. बांधावरची झाडे सरपण, चारा आणि पाला देतात, तेवढा जंगलावरचा भार हलका होतो. राबासाठी टहाळ हवा असेल, तर तो आपल्याच बांधावर. रोपवाटिका बायकांच्या गटांनी चालवल्या. कलम बांधायला शिकलेली बाई पुढच्या गावात शिकवायला गेली.

फळे आली तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला. एकाच वेळी सगळ्यांचा केसर आंबा पिकतो, व्यापारी भाव पाडतो. वांसद्याच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून काजूगर आणि लोणची ‘वृंदावन’ नावाने विकायला सुरुवात केली. २००४ मध्ये या भागातल्या अशा संस्थांना जोडणारी ‘वापकोल’ ही उत्पादक कंपनी आली.

महाराष्ट्रात याला समांतर एक वाट आधीच होती. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागेला अनुदान मिळू लागले, आणि ते एकदम हाती न देता तीन वर्षांत, झाडे किती जगली ते पाहून. राज्यभर बागा वाढल्या त्या याच योजनेने. पण डोंगरातल्या कुटुंबाला कागदपत्र, रोप, पाणी आणि पाच वर्षे पाठीशी उभा राहणारा माणूस हे सगळे एकत्र लागते. जर्मन विकास बँक केएफडब्ल्यूच्या निधीतून, नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत, १९९५ मध्ये गुजरातेत आणि २००० पासून नाशिक व तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वाडीचे मोठे कार्यक्रम झाले. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाण्यातच होते. पालघर जिल्हा २०१४ चा. त्या अनुभवावरून नाबार्डने २००३-०४ मध्ये ५० कोटी रुपयांचा आदिवासी विकास निधी उभारला आणि वाडी देशातल्या अनेक राज्यांत पोहोचली.

जव्हार-विक्रमगडच्या वाड्यांत पुढे मोगराही आला. तो मला विशेष भावतो, कारण तो आंब्याची वाट पाहायला लावत नाही. पहाटे कळ्या खुडायच्या, गाडीने दादरच्या फूलबाजारात पाठवायच्या, आणि एरवी ज्या महिन्यांत घराला कुलूप असायचे त्यात रोजचा पैसा हाती येतो.

तरी या इतिहासात सुटून गेलेली माणसे आहेत. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याला वाडी नाही. पिढ्यान्‌पिढ्या वनजमिनीचा ‘प्लॉट’ कसणारे अतिक्रमणदार म्हणूनच मोजले जात, आणि उद्या काढून घेतील अशा जमिनीत पाच वर्षांनी फळणारे झाड कोण लावेल? कातकऱ्यांमध्ये तर भूमिहीनच जास्त. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर हक्क मागायची वाट उघडली, आणि विवाहित असतील तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असे त्यातच लिहिले. अनेक दावे फेटाळले गेले, अनेकांना कसत्या जमिनीपेक्षा कमी जागा मिळाली. ज्यांच्या हाती पट्टा आला, त्यांच्या प्लॉटवर आता उन्हाळ्यात तीन फुटी खड्डे निघू शकतात, आणि माठाने पाणी वाहणाऱ्या बाईचे नाव त्या कागदावर असते.