चिपाडांच्या पोत्यातली बाग

कोल्हापुरात ऊन तापू लागले की रसवंतीगृहांच्या मागे चिपाडांचे ढीग साचतात. गुऱ्हाळावर हीच चिपाडे वाळवून चुलवाणात जाळली जातात आणि साखर कारखान्यात त्यांच्यावर बॉयलर चालतो. शहरातल्या रसवंतीवाल्याला मात्र ती टाकायची कुठे, हाच प्रश्न असतो. माझी आजी ती पोत्याने मागून आणत असे आणि गच्चीवर त्यांत वांगी, चवळी, दोडका पिकवत असे. पोत्यामागे माती असायची ती दोन-तीन ओंजळी, एवढीच. कुंडी म्हटली की ती मातीने गच्च भरलेली असावी, या समजुतीला ही रीत छेद देते. पण तिच्यामागचे विज्ञान भक्कम आहे.

पहिला मुद्दा वजनाचा. ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण 1,600 ते 1,900 किलो भरते, म्हणजे चौरस मीटरभर जागेत एक फूट जाडीचा थर दिला तरी गच्चीवर सुमारे 500 किलोचा भार येतो. वावर असलेल्या गच्चीचा आराखडा करताना माणसे आणि सामान मिळून भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरतात. कोरडी चिपाडे मातीच्या जेमतेम दशांश वजनाची असतात आणि पाणी प्यायल्यावरही मातीपेक्षा बरीच हलकी राहतात. तरीही पोती गच्चीच्या मध्यावर न मांडता भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवावीत, आणि इमारत जुनी असेल तर जाणकार अभियंत्याला विचारूनच पुढे जावे.

ताजी चिपाडे मात्र थेट वापरता येत नाहीत. चरकातून दोनदा काढली तरी त्यांत थोडी साखर उरतेच. ती हवेशिवाय कुजली की आंबते, मद्यार्क आणि आम्ले तयार होतात, पोत्याला आंबूस वास मारतो आणि कोवळी मुळे करपतात. शिवाय मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. आजी चिपाडे पिंपात रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकत असे आणि मग त्यांना कडक ऊन देत असे. साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे हा उपाय जितका सोपा तितकाच अचूक आहे.

खरी मेख मात्र नत्रात, म्हणजे नायट्रोजनात आहे. चिपाडे कुजवणारे जिवाणू आणि बुरशी यांच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) सुमारे आठ भाग असतात. खाल्लेल्या कर्बापैकी साधारण एक तृतीयांश त्यांच्या शरीरात जातो आणि उरलेला श्वसनात जळून कर्बवायू होतो. म्हणजे एका भाग नत्रामागे सुमारे 24 भाग कर्ब, हा त्यांना मानवणारा आहार झाला. चिपाडात हे प्रमाण शंभरास एक याहूनही विषम असते. मग कमी पडणारे नत्र हे सूक्ष्मजीव आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि त्याच पोत्यात लावलेले रोप उपाशी राहून पिवळे पडते. ‘चिपाडात काही येत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या पदरी बहुधा हाच अनुभव आलेला असतो.

आजीचा यावरचा उपाय शेणकाल्याचा होता. खताच्या रिकाम्या पोत्याच्या कडा बाहेर दुमडायच्या, वीतभर चिपाडे घालून ती पायाने दाबायची, त्यावर दाट शेणकाला शिंपडायचा, मूठभर माती भुरभुरायची, वाळका पाला टाकायचा आणि पुन्हा चिपाडे. शेणात कर्ब-नत्राचे प्रमाण वीस-पंचवीसास एक इतके असते, त्यामुळे सूक्ष्मजीवांची नत्राची तूट बरीच भरून निघते. मूठभर मातीतून त्यांचे विरजण पडते. काही दिवसांनी पोत्यात हात घातला तर आतला भाग चांगलाच गरम लागतो. हे तापमान 50 अंश सेल्सिअसच्या पुढेही जाऊ शकते, आणि तोवर बी लावण्यात अर्थ नसतो. पोते निवले, चिपाडांवर पांढरे तंतू दिसू लागले आणि भराव निम्म्याने खचला की आजी म्हणे, “आता लाव, आता त्येचं पोट भरलंय.” म्हणूनच पोती होळीनंतर भरायची आणि बी मृगाला टोकायचे, असा तिचा हिशेब असे.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून, टाकाऊ सेंद्रिय वस्तूंपासून घरच्या घरी कसदार माती घडवता येते, हा विचार महाराष्ट्रभर नेला. आजीने त्यांचे नाव ऐकले होते की नाही, कोण जाणे. पण या जिल्ह्याच्या हवेतच तो विचार होता, असे मला वाटते.

राखेबाबत तिचे म्हणणे मला सर्वांत मोलाचे वाटते. तिचे माहेर गगनबावड्याकडचे. तिथे परड्यात चुलीची राख हमखास पडे. सासरच्या शिरोळच्या मळ्यात मात्र ती राख टाकू देत नसे. “माझ्या माहेरच्या मातीला राख मानवती, हितं न्हाई,” एवढेच तिचे स्पष्टीकरण. गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो चुना आणि पालाश (पोटॅश) धुऊन नेतो, त्यामुळे तिथली जांभी माती आम्लधर्मी असते. राख स्वतः तीव्र अल्कधर्मी, शिवाय तिच्यात चुना आणि पालाश दोन्ही असतात. तिथे ती औषधच ठरते. शिरोळकडे पाऊस 500-600 मिलिमीटर. तिथल्या काळ्या जमिनीत चुना मुळातच भरपूर, त्यात पाटपाण्याच्या अतिवापराने अनेक शिवारे खारवट-चोपण झालेली. तिथे राख टाकली की सामू (pH) आणखी चढतो, लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. एकाच जिल्ह्यातल्या दोन टोकांना एकच सल्ला लागू पडत नाही, आणि गावाचे नाव गाळून फिरणारे ‘आजीचे उपाय’ फसतात ते इथेच.

गच्चीवरच्या पोत्यात आंबूसपणा मारण्यापुरती चिमूटभर राख ती घालत असे, पण शेणकाल्याच्या दिवशी कधीच नाही. अल्कधर्मी राख आणि ताजे शेण एकत्र आले की शेणातले नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे रोपाच्या तोंडचा घासच. बियाण्याच्या चवळीला मात्र ती राख सढळ हाताने चोळे. राखेचे बारीक कण भुंग्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण खरवडतात, त्याच्या शरीरातले पाणी उडून जाते आणि तो मरतो.

आता पावसाळ्याचे. आषाढातली झड सुरू झाली की अशा हलक्या भरावातून विरघळलेले नत्र आणि पालाश भराभर वाहून जाते. पोत्याच्या तळाला भोके पाडण्याऐवजी बुडापासून चार बोटे वर, बाजूला पाडली, तर थोडे पाणी तळाशी थांबते आणि त्याबरोबर अन्नद्रव्येही. मात्र पोते विटांवर ठेवायला हवे, म्हणजे स्लॅबवर ओल धरत नाही. झड ओसरली की पुन्हा पातळ शेणकाला द्यावा आणि खचलेल्या भरावावर भिजवून वाळवलेल्या चिपाडांचा नवा थर पसरावा. तो वरच राहू द्यावा. आत कालवला, तर नत्राची ओढाताण ऐन फुलोऱ्यात सुरू होते.