मुक्कामी शैक्षणिक सहलीची परवानगी : प्रस्ताव नेमका कोठे अडतो

दिवाळीची सुट्टी संपली की सोलापूर जिल्ह्यातील शाळांमधून मुक्कामी सहलींचे प्रस्ताव निघू लागतात, आणि त्यांतील काही त्रुटीचा शेरा घेऊन परत येतात. त्रुटी बहुधा लहान असते. पण ती दुरुस्त होईपर्यंत सहलीची तारीख उलटते आणि वर्षभर वाट पाहिलेली मुले घरीच राहतात. असे वारंवार घडताना पाहिल्यामुळे ही माहिती लिहीत आहे.

अर्ज मुख्याध्यापकांनी करावयाचा असतो. जिल्हा परिषदेच्या शाळांचा प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तर महापालिकेच्या शाळांचा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. शाळा व्यवस्थापन समितीचा किंवा पालक-शिक्षक संघाचा ठराव, विद्यार्थ्यांची व सोबतच्या शिक्षकांची यादी, दिवसनिहाय मार्ग, मुक्कामाच्या ठिकाणाचे पत्र, वाहनाची कागदपत्रे आणि पालकांची संमतीपत्रे एवढे साहित्य सामान्यतः लागते. सहलीत मुली असतील तर सोबत शिक्षिका असणे आणि मुलींच्या निवासाची वेगळी सोय प्रस्तावात स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे.

सर्वांत जास्त अडते ते संमतीपत्र. पालकाची सही म्हणजे एक उपचार, असे समजून कोऱ्या नमुन्यावर सह्या गोळा केल्या जातात आणि ठिकाण व तारीख नंतर भरली जाते. असे पत्र कार्यालयाने नाकारले तर दोष कार्यालयाचा नाही, कारण मूल कोठे आणि किती रात्री राहणार हे ठाऊक नसताना दिलेल्या संमतीला अर्थ नसतो. तथापि आपल्या जिल्ह्याची एक खरी अडचण नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि मूल आजीआजोबांपाशी राहते. डिसेंबरच्या सहलीसाठी नोव्हेंबरात सही मागितली, तर सही करणारे शेकडो किलोमीटर दूर फडात असतात. म्हणून सहलीचे ठिकाण आणि तारीख समितीच्या सप्टेंबरमधील सभेतच ठरवावी आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी, पूर्ण भरलेल्या पत्रावर सह्या घ्याव्यात. पालक आधीच गेले असतील, तर त्यांनी सही करून मोबाइलवर पाठवलेले पत्र, आजीआजोबांची सही आणि मुख्याध्यापकांनी पालकांशी दूरध्वनीवर बोलल्याची नोंद अशी तिन्ही जोडून, हे चालेल का अशी लेखी विचारणा कार्यालयाकडे करावी. तोंडी 'चालेल' यावर विसंबू नये. टेबलावरचा कर्मचारी बदलला की तेच पत्र परत येते.

शहराच्या पूर्व भागातील शाळांची अडचण वेगळी आहे. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या कितीतरी आया घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात आणि मराठी संमतीपत्र त्यांना वाचता येत नाही. अशा आईला तिच्या भाषेत पत्र वाचून दाखवणे, आणि अंगठा असेल तर वाचून दाखवणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेणे, एवढे कष्ट शाळेने घ्यायलाच हवेत. पत्रातील 'आजार असल्यास' हा रकानाही बहुतेक वेळा रिकामा राहतो. मुलाला फिट येते किंवा तो रात्री अंथरूण ओले करतो हे आई सर्वांसमोर लिहून देत नाही. वर्गशिक्षिकेने तिला बाजूला घेऊन विचारले की ती सांगते, आणि रात्रीच्या मुक्कामात नेमकी तीच माहिती उपयोगी पडते.

पुष्कळ शाळा याच पत्रात 'काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' असे वाक्य घालतात. अशा वाक्याने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, पालक मात्र घाबरतात. ते काढून टाकावे.

दुसरी चूक मुदतीची. प्रस्ताव सहलीच्या किती दिवस आधी द्यावा हे चालू वर्षाच्या परिपत्रकात पाहावे, आणि ते दिवस शाळेच्या जावक तारखेपासून न मोजता मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या आवक तारखेपासून मोजावेत. मधल्या प्रत्येक टेबलावर दिवस जातात, म्हणून प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्यावी. कार्तिकी एकादशीच्या सुमारास एसटीच्या गाड्या पंढरपूरच्या वाटेवर असतात, तर संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेमुळे शहराचे नेहमीचे कामकाज मंदावते. या दोन्ही काळांत कागद हलेल असे गृहीत धरू नये.

वाहनाच्या बाबतीत एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे सहलीपुरती संपूर्ण गाडी भाड्याने घेणे, सर्वांत सोयीचा, कारण शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. येथे एक पेच हमखास पडतो : शिक्षण कार्यालय गाडीचा तपशील मागते आणि आगार परवानगीचे पत्र मागते. दोघांच्या मध्ये मुख्याध्यापकांनी किती खेटे घालायचे, याचे उत्तर कोणी देत नाही. आगार व्यवस्थापकांकडून तारीख, मार्ग व भाड्याचा अंदाज लेखी मागून तोच प्रस्तावास जोडावा आणि मंजुरी येताच करार पक्का करावा. खासगी बस असेल तर योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना आणि चालकाचा परवाना हे सर्व सहलीहून परतण्याच्या दिवसापर्यंत वैध आहे ना, ते तपासावे. निघण्याच्या दिवशी वैध असणे पुरेसे नाही. रेल्वेने जायचे असल्यास आरक्षण ६० दिवस आधी उघडते, आणि सवलतीच्या अर्जाची विचारणा त्याहूनही आधी स्थानकावर करावी.

विजयपूर सोलापूरहून जेमतेम १०० किलोमीटरवर आहे; गोलघुमट पाहायला जाताना आपण राज्याबाहेर जात आहोत हे शाळांच्या लक्षातच राहत नाही. परराज्यातील सहलीची मंजुरी कोणत्या कार्यालयाची लागेल हे आधी विचारून घ्यावे, आणि खासगी बसला कर्नाटकात जाण्याचा परवाना आहे का तेही पाहावे.

मार्गात समुद्र, नदी किंवा धरण असेल तर कार्यालय बारकाईने पाहते, आणि ते योग्यच आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर या अटी अधिक कडक झाल्या. सोलापूरच्या मुलांनी समुद्र क्वचितच पाहिलेला असतो. ती पाण्याकडे धावतात. रायगड किल्ल्याची मंजुरी घेऊन परतताना किनाऱ्यावर गाडी वळवणे हा परवानगीचा सरळ भंग आहे.

मंजुरीचे पत्र आल्यावर मंजूर यादीची एक प्रत शाळेत, एक बसमध्ये आणि एक मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावी, आणि प्रत्येक प्रतीवर पालकांचे दूरध्वनी क्रमांक, तसेच ११२ व बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक लिहावेत. एखाद्या मुलाचे संमतीपत्र उशिरा आले तर पुरवणी यादी देऊन तिची पोच घ्यावी. निघण्याच्या पहाटे पैसे घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाला परत पाठवणे फार जड जाते, तरीही मंजूर यादीत नाव नसलेल्या मुलाला बसमध्ये घेऊ नये. म्हणून प्रस्ताव पाठवण्याच्या आदल्या दिवशी वर्गावर्गात यादी मोठ्याने वाचून, कोणाचे नाव राहिले का ते विचारावे.