बाटलीतले दोन थर

मागच्या पावसाळ्यात मुंबईतल्या हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून स्कूटर काढायचा शहाणपणा मी केला. मग ती लालबागच्या गॅरेजपर्यंत ढकलत न्यावी लागली. मेकॅनिकने टाकीतलं थोडं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि उजेडाला धरलं. वर पेट्रोल, तळाला दोन बोटं गढूळसा थर. ‘‘पाणी शिरलंय, काका.’’

त्याचं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. तळाला पाणी होतं, पण त्यात पेट्रोलमधलं इथेनॉलही उतरलेलं होतं.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या एका खास ओढीने, धरून असतात. पेट्रोलच्या गर्दीत मात्र त्यांचा हात धरायला कोणी नसतं, त्यामुळे ते सहज सुटून वाफ होतात. पेट्रोलमधलं हेक्सेन 69 अंशांना उकळतं, इथेनॉल 78 अंशांना. दोन्हींचं योग्य प्रमाणातलं मिश्रण मात्र 59 अंशांच्या आसपासच उकळू लागतं, म्हणजे दोघांच्याही आधी! एकोणिसाव्या शतकात राऊल्टने मांडलेला नियम सांगतो, की मिश्रणात ज्याचा जेवढा वाटा, तेवढी त्याची वाफ. बेंझिन आणि टोल्युइन ही जवळजवळ सख्खी भावंडं, ती हा नियम पाळतात. बाकी बहुतेकांचं काही खरं नाही.

उलटंही घडतं. अ‍ॅसिटोन 56 अंशांना उकळतं, क्लोरोफॉर्म 61ला. एकत्र केल्यावर परस्परांना असे बिलगतात, की मिश्रणाचा उत्कलनबिंदू 64पर्यंत चढतो. दोन्ही ओतताना परीक्षानळी हाताला कोमट लागते.

इथेनॉलची खरी ओढ पाण्याकडे. 50 मिलिलिटर इथेनॉलमध्ये 50 मिलिलिटर पाणी घातलं, तर 100 नव्हे, 96-97च भरतं. साध्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करून, ते वजनाने साधारण 95.6 टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही, कारण तिथे वाफ आणि द्रव यांची घडण एकसारखीच होते. राहिलेलं पाणी काढायला कारखान्यांत बारीक छिद्रांच्या झिओलाइटच्या मण्यांमधून वाफ सोडतात. एवढा खटाटोप करून वेगळं केलेलं इथेनॉल माझ्या टाकीत एका सरीने पुन्हा पाण्याला जाऊन मिळालं.

मेकॅनिकने तळचा थर गटारात ओतायला बाटली तिरकी केली, त्याला थांबवून ती एका कॅनमध्ये रिकामी करायला लावली. ‘‘वरचं परत टाकीत टाकू?’’

‘‘नको,’’ मी म्हटलं. त्यातला ऑक्टेन (इंजिनात अवेळी न पेटण्याची ताकद) वाढवणारा भाग नुकताच त्या कॅनमध्ये गेला होता.